बेचाळिशीतला दुधाचा दात: दात घडताना होणाऱ्या गडबडींविषयी

माझ्या तोंडात अजून एक दुधाचा दात आहे. माझं वय बेचाळीस. हे मला कळलं तेसुद्धा अक्कलदाढ काढायला गेले तेव्हा. डॉक्टरांनी आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा मिळून एक लांबलचक एक्स-रे काढून आणायला सांगितला. तो पडद्यावर लावून त्यांनी खालच्या डाव्या बाजूला पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाल्या, "ही तुमची दुधाची दाढ. पडलीच नाही, कारण हिला खालून ढकलायला कुणी आलंच नाही." उजवीकडे त्याच जागी व्यवस्थित पक्की उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधला दात, होती. डावीकडे त्या दाढेखाली नुसतं हाड. इतकी वर्षं मी त्या दातानं चावत होते आणि मला पत्ताच नव्हता.

"म्हणजे माझं लहानपणी काय चुकलं?" मी विचारलं.

"तुम्ही तेव्हा रांगत होतात. तुमचं काय चुकणार?"

त्या उत्तरानं मला दातांकडे बघायची नवी दृष्टी दिली. दातात दोष दिसला की आपण ताबडतोब 'का' विचारतो, आणि लगेच ब्रश, चॉकलेट, आईचा हलगर्जीपणा अशी आरोपींची रांग उभी राहते. पण कीड वेगळी आणि घडणीतला दोष वेगळा. कीड तोंडात आलेल्या दाताला लागते. घडणीतला दोष दात हिरडीच्या आत असताना होतो आणि आपल्याला दिसतो तो पाच-सहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून इथे पहिला प्रश्न 'कधी' हा विचारायचा. 'का'चं उत्तर पुष्कळदा त्यातूनच मिळतं.

हिरडीच्या आतलं घड्याळ

गर्भ जेमतेम सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या तोंडाच्या आतल्या अस्तरावर घोड्याच्या नालासारखी एक जाडसर पट्टी उमटते. या पट्टीवर ठरावीक जागी कळ्या फुटतात. एकेक कळी म्हणजे एकेक होऊ घातलेला दात. कळी वाढून टोपीसारखी होते, मग घंटेसारखी, आणि घंटेच्या आकारातच त्या दाताची सुळा, दाढ की पुढचा दात ही ओळख पक्की होते.

हे काम दोन पेशीसमूह मिळून करतात. वरचं अस्तर आणि त्याखालची मऊ ऊती. दोघांत रासायनिक निरोपांची सतत देवाणघेवाण चालू असते. खालच्या पेशी डेंटिन तयार करतात, म्हणजे दाताचा आतला पिवळसर मुख्य भाग. त्याचा पहिला पातळ थर पडला की वरच्या पेशींना इशारा मिळतो आणि त्या एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, घालायला लागतात. एका बाजूनं निरोप गेला नाही तर दुसरी बाजू थांबून राहते. दात अजिबात न येणं हा बहुतेक वेळा असा न पोचलेला निरोप असतो.

एनॅमलवर जरा थांबू, कारण पुढचं बरंचसं यावर अवलंबून आहे. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे ९६ टक्के नुसतं खनिज. पण तो एका फटक्यात होत नाही. आधी एनॅमलच्या पेशी प्रथिनांचा मऊ साचा घालतात, रोज साधारण ३ ते ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातले तीन ते पाच भाग. पूर्ण जाडी झाली की त्याच पेशी काम बदलतात. आता त्या साच्यातली प्रथिनं तोडून बाहेर काढतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत खनिज भरतात. घर बांधताना आधी सेंटरिंग ठोकायचं आणि स्लॅब पक्का झाल्यावर फळ्या काढायच्या, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे फळ्या निघाल्याशिवाय पक्केपणाच येत नाही.

पहिल्या टप्प्यात अडथळा आला तर एनॅमल पातळ राहतं. खड्डे, चरे दिसतात. दुसऱ्या टप्प्यात आला तर जाडी पुरेशी असते, पण माल कच्चा असतो. दात भरीव दिसतो, मात्र खडूसारखा ठिसूळ. आणि दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत या पेशी संपलेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, पण एनॅमलची दुरुस्ती करायला शरीराकडे माणसंच उरलेली नसतात. लाळेतलं खनिज वरवर थोडी भर घालतं, बस्स.

आता वेळापत्रक. दुधाच्या दातांत खनिज भरायला सुरुवात होते आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या सुमारास. पक्क्या दातांत पहिली येते ती सहाव्या वर्षी उगवणारी दाढ, पण तिचं काम जन्माच्या सुमारासच सुरू झालेलं असतं. वरचे मधले दोन मोठे दात बाळ तीन-चार महिन्यांचं असताना सुरू होतात, त्यांच्या शेजारचे मात्र दहा-बारा महिन्यांचं झाल्यावर. या सगळ्यांचा दिसणारा भाग चार-पाच वर्षांपर्यंत घडून तयार असतो, फक्त हिरडीत दडलेला. अक्कलदाढ मात्र सात ते दहा वर्षांच्या दरम्यान कधीतरी आळस झटकून कामाला लागते.

दात घडतो टोकाकडून मुळाकडे. चावायची धार आधी, हिरडीजवळचा भाग नंतर. त्यामुळे दातावरचा डाग किंवा चर किती उंचीवर आहे यावरून तो कधी पडला याचा अंदाज बांधता येतो. समजा एका मुलाच्या वरच्या मधल्या दोन्ही दातांवर टोकाजवळ आडवा चर आहे, पहिल्या दाढांच्या टोकांवरही तसंच, पण मधल्या दातांच्या शेजारचे दोन्ही दात मात्र गुळगुळीत. काय झालं असेल? शेजारच्यांचं काम सुरू व्हायच्या आधीच काहीतरी घडून गेलं, म्हणजे बाळ दहा महिन्यांचं होण्यापूर्वी. आईला विचारलं तर कदाचित आठवेल, हो, तेव्हा मोठं आजारपण झालं होतं. जुन्या सांगाड्यांचा अभ्यास करणारे संशोधक असेच चर मोजून हजारो वर्षांपूर्वीच्या मुलांवर कोणत्या वयात उपासमार किंवा आजाराची वेळ आली ते सांगतात. दुधाच्या दाताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जन्माची सुद्धा एक रेघ दिसते. पोटातून बाहेर येण्याचा धक्का एनॅमलच्या पेशींनाही बसतो.

कमी दात, जास्त दात

माझ्यासारखी माणसं दुर्मीळ असतील असं वाटलं होतं, पण तसं काही नाही. अक्कलदाढ सोडून एखाददुसरा पक्का दात मुळातच नसलेले लोक शंभरात साधारण सहा असतात. अक्कलदाढ धरली तर विचारूच नका. जवळजवळ पाचातल्या एकाला निदान एक अक्कलदाढ नसते, आणि त्याबद्दल कुणी रडताना मी तरी पाहिलेलं नाही. सहा किंवा जास्त दात नसणं मात्र खरोखर विरळ, आणि त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

कुठले दात गायब होतात यात एक गंमत आहे. पुढचे दात, उपदाढा, दाढा असे दातांचे गट असतात आणि प्रत्येक गटात रांगेत शेवटी उभा असतो त्याच्यावर बहुधा गंडांतर येतं. पुढच्या दातांतला बाजूचा, उपदाढांतली दुसरी, दाढांतली तिसरी. माझी गेलेली तीच, दुसरी उपदाढ. कधी दात पूर्ण गायब न होता खुरटा, खुंटीसारखा निमुळता येतो. एका बाजूचा दात खुंटीसारखा आणि दुसऱ्या बाजूचा नाहीच, असंही दिसतं. म्हणजे 'बारीक दात' आणि 'नसलेला दात' ही एकाच उताराची दोन ठिकाणं.

यामागे बहुतेक वेळा जनुकं असतात. एमएसएक्स१, पॅक्स९, डब्ल्यूएनटी१०ए ही त्यातली नेहमीची नावं. ही सगळी त्या निरोपांच्या देवाणघेवाणीतली मंडळी. त्यामुळे एकाला दात कमी असेल तर घरात इतरांचेही मोजावेत. फिनलंडमधल्या एका कुटुंबात अनेक दात नसणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग या दोन गोष्टी एकाच जनुकातल्या, ॲक्सिन२ मधल्या बिघाडाशी जोडलेल्या सापडल्या. २००४ सालची ही गोष्ट. एखादा दात नाही म्हणून कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण आठ-आठ दात नसतील आणि घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात.

दात न येण्याची मला सगळ्यात विलक्षण वाटणारी नोंद डार्विनची आहे. १८७५ साली त्यानं सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिलं. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे की दोन्ही जबड्यांत धरून पुढचे चार बारीक कमकुवत दात आणि मागच्या आठ दाढा, बाकी काही नाही. अंगावर केस अगदी कमी, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून जीव नकोसा. मुलींना कधीच त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांना होतो. आणि बापाकडून मुलाकडे एकदाही गेलेला नाही.

आज हे वाचणारा जीवशास्त्राचा विद्यार्थी लगेच सांगेल, दोष एक्स गुणसूत्रावर आहे. तेव्हा गुणसूत्रांचा आनुवंशिकतेशी काय संबंध याचा कुणालाच पत्ता नव्हता. ते ईडीए नावाचं जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी या तीन गोष्टींचा वरवर एकमेकींशी काय संबंध? पण तिन्हींची सुरुवात सारखीच होते, वरच्या अस्तरानं खाली कळी फुटवण्यातून. कळी फुटण्याचा निरोपच अडला तर तिन्ही अडतात. दातांपेक्षा घामाचा प्रश्न जिवावरचा असतो. घाम येत नसलेलं तान्हं बाळ तापानं फणफणतं आणि कारण सापडत नाही. म्हणून वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला दात नाहीत, केस विरळ आणि ताप वारंवार, हे एकत्र दिसलं तर थांबू नये. २०१८ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी कमी पडणारं प्रथिन आईच्या पोटातच, गर्भजलात टोचलं आणि जन्मलेल्या मुलांना नेहमीसारखा घाम येऊ लागला. वेळेवर निरोप दिला तर शरीर ऐकतं.

उलट बाजूला जास्तीचे दात. सगळ्यात नेहमीचा म्हणजे वरच्या दोन मोठ्या दातांच्या मधोमध हाडात बसलेला एक खुंटीवजा दात. तो बाहेर आला तर दिसतो तरी. आत लपून राहिला तर खऱ्या दाताची वाट अडवतो. पालकांसाठी एक साधी खूण सांगते. एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा जोडीदार आलाच नाही, तर एक्स-रे काढा. 'येईल सावकाश' म्हणत वर्षं घालवली की नंतर तो ओढून आणण्याचा खटाटोप मोठा होतो. जास्तीचे दात खूपच असतील, डझनभर वगैरे, आणि सोबत गळपट्टीचं हाड अपुरं असेल तर तो एका वेगळ्या जनुकाचा, रंक्स२चा, मामला असतो. अशी मुलं दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवू शकतात.

आकार बिघडतो तेव्हा

हा भाग मी झटकन उरकते, कारण यातलं बरंचसं बघायला विचित्र पण निभावून नेण्याजोगं असतं. दोन कळ्या एकत्र होऊन एक रुंद दात बनतो, किंवा एकच कळी अर्धवट फाटून जोडदात तयार होतो. ओळखायची युक्ती अशी की जोडदात एक धरून मोजायचे. एक कमी भरला तर बहुधा दोघे जोडले गेलेत, बरोबर भरले तर एकाचे दोन व्हायला निघालेत. दाढेची मुळं फार खाली जाऊन फुटली तर तिचं आतलं पोकळ अंग मोठं दिसतं, बैलाच्या दातासारखं. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांनी १९१३ साली या ठेवणीला तसंच नाव दिलं. निअँडरथल माणसाच्या दाढा अशा असत. कुणाच्या ओपीजीत ती दिसली तर रूट कॅनल करणाऱ्याची थोडी पंचाईत, एवढंच.

एक प्रकार मात्र लक्षात ठेवावा असा. वरच्या पुढच्या दातांतल्या बाजूच्या दाताच्या मागे कधी खोल खळगा असतो, जणू दात आतल्या आत दुमडला गेलाय. एक्स-रेत दाताच्या पोटात दुसरा दात बसल्यासारखा दिसतो. त्या खळग्यातून जंतू थेट दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतात. वरून कीड नाही, डाग नाही, आणि एके दिवशी हिरडी सुजते. खळगा वेळेत बुजवला की काम पाच मिनिटांचं.

कच्चा माल

पालकांना सगळ्यात जास्त रडवतात ते घडणीतल्या दर्जाचे दोष. त्यातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा म्हणजे एमआयएच. नाव २००१ साली पडलं. अर्थ एवढाच की पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे दात यांत खनिज कमी पडलं. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर सातआठ मुलांमागे एकाला तो असतो.

चित्र असं दिसतं. मूल सहा-सात वर्षांचं. नवी कोरी दाढ हिरडीतून वर येतेय आणि तिच्यावर पांढरट, पिवळट किंवा थेट तपकिरी चट्टा. चट्ट्याची कड स्पष्ट, नकाशावरच्या बेटासारखी. शेजारची दाढ कदाचित एकदम स्वच्छ. मूल त्या बाजूनं गार पाणी पीत नाही, ब्रश लावू देत नाही. ब्रश लागत नाही म्हणून तिथे थर साचतो, ठिसूळ एनॅमलचा टवका उडतो, आणि वर्षभरात मोठा खड्डा. मग डॉक्टरांकडे नेल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "दातांची काळजी घेत नाही वाटतं?" हे वाक्य ऐकून खाली मान घालणाऱ्या आया मी पाहिल्यात. खरं म्हणजे ती दाढ कच्ची राहिली तेव्हा मूल दोन-तीन वर्षांचं सुद्धा नव्हतं आणि तिच्यावर ब्रश फिरवायची सोयच नव्हती. जन्माच्या वेळची गुंतागुंत, पहिल्या तीन वर्षांतली आजारपणं, आनुवंशिकता अशा अनेक गोष्टींचा यात हात असावा असं दिसतं. बोट ठेवावं असा एकच गुन्हेगार नाही.

अशा दाढेला बधिरतेचं इंजेक्शनही नीट लागत नाही, कारण आतली नस आधीच चिडलेली असते. मूल ओरडलं तर ते नाटक करत नसतं. उपाय दोषाच्या प्रमाणात ठरतो. थोडा असेल तर फ्लोराइडचा लेप आणि वरून सील, टवके उडत असतील तर स्टीलची कॅप. फारच मोडकळीला आली असेल तर आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ती काढून मागच्या दाढेला पुढे सरकू देणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. मात्र आधी त्या मागच्या दाढांची घडण एक्स-रेत पाहायला हवी.

एमआयएचची गल्लत होते ती फ्लोरोसिसशी. फ्लोरोसिसमध्ये डागांना कड नसते. धुरकट आडव्या रेषा, ढगासारखा पांढरेपणा, आणि उजवीकडे जसं तसंच डावीकडे. हे डाग कशामुळे पडतात ते कसं कळलं ही एक सुंदर शोधकथा आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात आला आणि पाहतो तर तिथेच वाढलेल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. त्याचा चिवटपणा असा की त्यानं पुढची तीस वर्षं हा पिच्छा सोडला नाही. मोठेपणी गावात राहायला आलेल्यांचे दात स्वच्छ राहतात, इथं वाढणाऱ्या मुलांचेच डागाळतात, हे त्याला कळलं. म्हणजे दोष दात घडताना होतोय. संशय पाण्यावर गेला, पण पाण्यात नेमकं काय ते सापडेना. १९३१ साली एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञानं डागाळलेल्या दातांच्या आणखी एका गावचं पाणी तपासलं तेव्हा त्यात फ्लोराइड भलतंच जास्त निघालं. आणि मॅकेला दिसलेली दुसरी गोष्ट तर त्याहून मोठी होती: हे डागाळलेले दात सहजी किडत नव्हते. कीड रोखायला टूथपेस्टमध्ये आणि काही देशांत पाण्यात थोडं फ्लोराइड घालायची कल्पना तिथून निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. पेस्टबद्दल एवढंच की तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात ती नागमोडी वेटोळी मोठ्यांनासुद्धा नकोत. आठ वर्षांनंतर पुढच्या दातांना डागांची भीती राहत नाही, कारण त्यांचं एनॅमल तोवर घडून संपलेलं असतं. टेट्रासायक्लिन जातीची प्रतिजैविकं आठ वर्षांखाली आणि गरोदरपणात सहसा टाळतात त्याचंही कारण हेच घड्याळ. औषध कॅल्शियमला चिकटतं आणि घडणाऱ्या दातात कायमचं बसतं. दात पिवळे उगवतात आणि उजेड लागून तपकिरी होत जातात.

आनुवंशिक दोषांपैकी एकाचं मला राहून राहून नवल वाटतं. एनॅमलच्या साच्यातलं मुख्य प्रथिन बनवणारं एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं तर मुलग्याच्या सगळ्या दातांवरचं एनॅमल सारखंच बिघडतं. मुलींकडे दोन एक्स असतात, आणि प्रत्येक पेशी त्यातला एकच वापरते. काही आईचा, काही वडिलांचा. एनॅमलच्या पेशी आपापल्या रांगेत काम करत जातात. त्यामुळे अशा मुलीच्या दातावर उभे पट्टे उमटतात: एक चांगला, एक बिघडलेला, एक चांगला. आई-वडिलांचा वाटा नुसत्या डोळ्यांनी दिसावा अशी दुसरी जागा शरीरात शोधूनच काढावी लागेल.

डेंटिनचा दोष याहून फसवा. दात निळसर-तपकिरी, काचेतून उजेड यावा तसे दिसतात. एनॅमल चांगलं असतं, पण खालचा पायाच मऊ, म्हणून ते सुटून पडतं आणि दात झिजत हिरडीला टेकतात. असे दात आणि जरा पडलं की हाड मोडणं हे एकत्र दिसलं तर ती हाडांच्या आनुवंशिक ठिसूळपणाची खूण असू शकते.

"दुधाचाच तर आहे"

या वाक्यावर माझा खास राग आहे. दुधाच्या दाढेची मुळं कमळाच्या पाकळ्यांसारखी फाकलेली असतात आणि त्यांच्या मधोमध पक्क्या उपदाढेची कळी बसलेली असते. वरची दाढ किडून खाली पू झाला तर तो थेट त्या कळीवर साचतो. दोन-चार वर्षांनी उगवणारी उपदाढ पिवळी, खड्डे पडलेली येते. तोंडात एकच दात असा बिघडलेला आणि बाकी सगळे ठीक असतील, तर आधी त्याच्या जागी असलेल्या दुधाच्या दाताचा इतिहास विचारावा. चालायला शिकणारं मूल तोंडावर आपटून वरचा पुढचा दात हाडात घुसतो तेव्हाही तेच. पक्क्या दाताची कळी त्याच्या मागेच असते. रक्त थांबतं, सूज उतरते, सगळे विसरतात. सात-आठ वर्षांचं झाल्यावर पक्का दात पांढरा ठिपका घेऊन येतो, किंवा मान वाकडी करून.

आणि एक खूण, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. नेहमीसारखा पडलेला दुधाचा दात हातात घेऊन बघा. तो नुसता टोपीसारखा असतो, मूळ जवळपास नसतंच, कारण खालून येणाऱ्या दातानं ते विरघळवलेलं असतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा दात मार लागलेला नसताना पडला आणि त्याला लांब, अखंड मूळ असेल, तर तो दात डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. दाताला हाडाशी धरून ठेवणारा थरच तयार झालेला नाही असा त्याचा अर्थ असू शकतो आणि तो हाडांच्या एका चयापचयाच्या विकाराचा पहिला इशारा असतो. त्याचं निदान साध्या रक्ततपासणीपासून सुरू होतं.

नसलेल्या दातांवर पुढे काय, हे मी माझ्या स्वार्थासाठी वाचत असते. जपानमध्ये दातांच्या कळ्यांची वाढ थोपवून धरणारं यूसॅग-१ नावाचं प्रथिन अडवून उंदरांत आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्यात जास्तीचे दात उगवून दाखवले गेले. २०२४ साली क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवर चाचणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात ३० प्रौढ पुरुष, आणि तपासायचं ते मुख्यतः औषध सुरक्षित आहे का एवढंच. तोवर मार्ग जुनेच: जागा तारांनी बंद करायची, शेजारच्या दातांना धरून पूल बांधायचा किंवा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला स्क्रू आणि त्यावर दात, बसवायचा. इम्प्लांटला मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं, कारण तो स्क्रू जबड्याबरोबर वाढत नाही. शेजारचे दात वर सरकतात आणि तो खड्ड्यात राहतो.

माझ्या दुधाच्या दाढेला डॉक्टरांनी हात लावला नाही. मुळं थोडी आखूड झालीत, पण घट्ट आहे. विशीपर्यंत टिकलेली अशी दाढ पुढे बरीच वर्षं साथ देते म्हणे. ती शेजाऱ्यांपेक्षा मिलिमीटरभर खाली आहे, तिथे अन्न अडकतं, म्हणून दोऱ्यानं साफ करायला शिकवलं. मग म्हणाल्या, "मुलगी केवढी आहे?"

मुलगी आठ वर्षांची. दुसऱ्या भेटीत तिचीही ओपीजी काढली. पडद्यावर तिच्या जबड्यात दातांचे दोन मजले दिसत होते, वरचे उगवलेले आणि खाली वाट बघत बसलेले. आम्ही दोघी बोटानं मोजत गेलो. खालच्या उजव्या बाजूला दुसऱ्या उपदाढेच्या जागी मटाराएवढी गोल सावली आणि तिच्यात पांढऱ्या टोकांची सुरुवात. डावीकडे सावली असल्यासारखी वाटत होती, पण आत पांढरं काही नव्हतं. डॉक्टरांनी चित्र मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं.

"ही उपदाढ कधी कधी उशिरा दिसायला लागते," त्या म्हणाल्या. "वर्षभरानं परत काढू."